चित्र गेलं तेव्हा

छत्तीस वर्षं थेट प्रक्षेपणाच्या गाडीत राबलेल्या हिरामणचा आज नाशिकच्या सभागृहात वाहिनीतर्फे सत्कार होता. सिन्नरजवळच्या गावात त्याची ब्याऐंशी वर्षांची आई सकाळपासून टीव्हीसमोर बसून होती. लेक पडद्यावर पहिल्यांदाच दिसणार होता.

त्याचं नाव पुकारायला दोन मिनिटं उरली असताना घरून बायकोचा निरोप आला, "चित्र गेलंय. आई कासावीस झाल्यात."

हिरामण व्यासपीठावरच्या आपल्या खुर्चीतून उठला आणि थेट बाहेरच्या गाडीकडे धावला. आतला एकमेव सहकारी बटणांशी झटत होता. दोष मात्र बाहेर होता, जाड केबल जोडातून निसटत होती. हिरामणने ती दोन्ही हातांनी दाबून धरली, तसं चित्र आलं. सभागृहात त्याचं नाव पुकारलं गेलं. एकदा, दोनदा. हात काढला असता, तर पडदा पुन्हा काळा झाला असता.

कार्यक्रम संपल्यावर त्याने चाचरत घरी फोन लावला. "आई, सत्कार घेताना मी दिसलोच नाही गं."

"टीव्ही परत लागला, तुझं नाव पुकारलं अन् तुझी खुर्ची रिकामी दिसली. तवाच वळखलं, कोणी लावला ते."