आग

भैरूनं पाना पुन्हा उगारला तेव्हा शालननं डोक्यावर हात आडवा धरला. मनगट काडकन मोडलं.

"कुणाचा रोग आणलास घरात, बोल," तो ओरडत होता. वर्षभर त्याच्या लघवीला आग आणि मांड्यांच्या मधे कळ; गोळ्या खाल्ल्या की थांबायची, पुन्हा सुरू व्हायची. ट्रकवरचे सोबती म्हणाले होते, असलं दुखणं बाईकडनंच येतं. आपण कुठं शेण खाल्लेलं नाही, म्हणजे खाल्लं ते हिनंच, एवढं त्याच्या डोक्यात पक्कं बसलं होतं.

तिचा हात प्लॅस्टरमधे घालून झाल्यावर त्याच दवाखान्यात भैरूचीही तपासणी झाली. शालन शेजारीच बसली होती.

"जंतू तुमच्याच पोटातले आहेत," डॉक्टर म्हणाले. "प्रोस्टेटच्या ग्रंथीत दडून बसलेत. बायकोचा यात काही संबंध नाही. आग थांबली की तुम्ही गोळ्या सोडता, म्हणून ते पुन्हा डोकं वर काढतात. बरं वाटलं म्हणजे रोग गेला, असं नसतं."

दवाखान्याच्या फाटकाबाहेर येताच भैरूनं शालनचे पाय धरले. "चुकलं माझं. आईची शपथ, परत हात उचलणार न्हाई."

"मागल्या दिवाळीलाबी हीच शपथ घेतली होती," शालन म्हणाली. तिनं धडका हात दाखवून माहेरच्या गावाची एसटी थांबवली आणि पायरीवर चढली.

"आता निस्ती आग थांबलीय तुमची. रोग हाय तिथंच हाय."