देवमाशाचं पुढे काय झालं

वडिलांनी डाव्या हाताचं बोट टॅबलेटवरच्या देवमाशाच्या चित्रावर टेकवलं. मग ट्रकवर. मग समुद्रावर.

"एक देवमासा ट्रकमध्ये बसून समुद्राकडे निघाला," टॅबलेटमधला आवाज म्हणाला.

मुलगी जागच्या जागी थिजली. ही तर तिच्या लहानपणची गोष्ट. वडील ट्रक चालवायचे. आठवड्यातून दोनच दिवस घरी असायचे, पण आले की हा देवमासाही यायचा. सात महिन्यांपूर्वी अर्धांगवायूनं त्यांची वाचा गेली, तेव्हा तोही गेला असं तिनं गृहीत धरलं होतं.

"बघा, आत सगळं शाबूत आहे," बोलायला शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या. "काका, शेवट काय झाला?"

वडिलांना चित्र सापडेना.

"राहू द्या," बाई म्हणाल्या. "यात एआय आहे, तेच सुचवेल. पटलं तर 'होय' दाबायचं."

"देवमासा समुद्रात आनंदानं राहू लागला."

वडिलांनी 'नाही' दाबलं.

"देवमासा आणि ट्रकवाला मित्र झाले."

नाही. असं सात-आठ वेळा झालं. मग आवाज म्हणाला, "देवमासा पाण्यात उतरला, पण ट्रकवाल्याचा निरोप घ्यायचा राहिला. म्हणून अजूनही एकेक लाट रस्त्याच्या दिशेनं धावत येते, बघते आणि परत जाते."

मुलीच्या अंगावर सर्रकन काटा आला. बाईंनीही पेन खाली ठेवलं. पाटीएवढ्या वस्तूला हे सुचावं!

"बाबा, किती सुंदर आहे हे! म्हणा ना होय."

वडिलांनी मान तिरकी करून टॅबलेटकडे पाहिलं, तोडीस तोड गडी भेटल्यासारखं. आणि 'नाही' दाबलं.

"मला जमत नाहीये," आवाज म्हणाला. "तुम्हीच सांगा ना. मग काय झालं?"

वडिलांचे ओठ हलले. कपाळावरची शीर तटतटली. बाई पुढे सरकल्या, तसा मुलीनं त्यांचा हात धरला.

"झो...प," वडील म्हणाले. सात महिन्यांतला पहिला शब्द. "झोप... लागली."

"कुणाला? देवमाशाला?" आवाजानं विचारलं.

वडिलांनी नाही अशी मान हलवली. हात उचलून मुलीच्या डोक्यावर ठेवला.

"मला?"

चाळीस वर्षांत तिच्या हे ध्यानातच आलं नव्हतं. शेवट तिनं कधी ऐकलाच नव्हता. मुळात तो होता का, हेही तिला ठाऊक नव्हतं.

डोळे पुसून तिनं खुर्ची पुढे ओढली. "आता जागी आहे मी, बाबा."

वडिलांच्या तोंडाच्या एका कडेला हसू फुटलं. टॅबलेट त्यांनी हळूच आपल्याकडे वळवून घेतला, त्यालाही नीट ऐकू यावं म्हणून.

"म...ग," ते म्हणाले.