गुळगुळीत मग

मातीकामाच्या वर्गातून लेकीला न्यायला आलेल्या बापाला तिने केलेला कच्चा मग दिसला, आणि मगावरचे वेडेवाकडे खळगेही. प्रदर्शनात चारचौघांत शोभा नको, म्हणून ती हात धुऊन येईपर्यंत त्याने खळग्यांत ओली माती भरली आणि वरून स्पंज फिरवला. मुलांच्या यशात बापाचा थोडा हात असतोच. याने दोन्ही घातले.

भट्टीतून मग निघाला तो थेट दुकानातल्यासारखा. लेक मात्र तो नुसता फिरवून फिरवून बघत राहिली.

"काय गं, कसा गुळगुळीत झालाय!"

"बाबा, आजीची बोटं वाकडी झालीत ना, कप सटकतो तिच्या हातून. तिला धरता यावा म्हणून मी खळगे पाडले होते."

रोज सकाळी आईसमोर बसून चहा पिणाऱ्या बापाला ही बातमी नवीच होती.