घरच्या जेवणाचं बिल

आमचे हे ऑफिसातून न सांगता पाहुणे जेवायला आणत, तेव्हा बिल कोणी मागत नसे. परवा मुलाने कंपनीच्या एका ग्राहकाला घरी जेवायला आणलं, तर खर्च तपासणारं कंपनीचं नवं एआय बिलासाठी अडून बसलं.

“आई, भाजीपाल्याचे पैसे तरी लिहून दे. नाहीतर जेवणासाठी घेतलेली उचल माझ्या पगारातून कापतील.”

मी कागदावर हिशोब लिहिला, खाली पत्ता घालून सही ठोकली. बिल लगेच पास झालं. मुलगा म्हणाला, “इतकं स्वस्त जेवण एआयने पाहिलंच नव्हतं.”

दुसऱ्या दिवशी दुपारी बेल वाजली. दारात मुलाचं निम्मं ऑफिस उभं होतं.



“काकू, एआयने बाकीची सगळी हॉटेलं महाग म्हणून बंद केलीत. आज भाजी कोणती?”