खिडकीखालची जागा

“इथे रोज कोणीतरी उभं राहतं,” दातांच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या आणि पेन्सिलीचं टोक कागदावर टेकवलं.

टोक टेकलं होतं ते नेमकं तिच्या लेकीच्या, टिचकीच्या, खिडकीखाली.

बाग आखायला शिकवणाऱ्या वर्गाचा नियमच तसा होता. पहिला नकाशा स्वतःच्या बागेचा काढायचा नाही, वर्गातल्या जोडीदाराच्या बागेचा काढायचा. “आपल्या बागेत आपण झाडं बघत बसतो,” सर म्हणायचे, “जमीन परक्यालाच दिसते.” म्हणून डॉक्टरीणबाई सकाळीच तिच्याकडे येऊन गवतावर गुडघे टेकून बसल्या होत्या आणि किडका दात शोधावा तशी बाग तपासत होत्या. ती शेजारी टेपचं दुसरं टोक धरून उभी होती, सगळा भार डाव्या पायावर टाकून. टिचकीला कडेवर घेऊन घेऊन लागलेली खोड. लेक कडेवरून केव्हाच उतरली, शाळेतही जायला लागली, खोड काही उतरली नाही. वर्गात सर तिला बगळा म्हणायचे.

तिने वाकून बघितलं. फाटकाजवळच्या नळापासून एक पुसटशी वाट भिंतीच्या कडेकडेने येत होती आणि खिडकीशी संपत होती. संपत होती तिथे गवत मेलेलं. त्यात दोन खळगे, माणसाच्या पावलांएवढे. डावा जरा जास्तच खोल.

“इथे कोण येणार?” ती म्हणाली. “मी पाणी घालते, तेही चालता चालता. उभं राहायला वेळ आहे कुणाला?”

“मग दुसरं कोणी असेल. गवत एका दिवसात असं मरत नाही हो.”

डॉक्टरीणबाई गेल्यावर तिने ते खळगे नवऱ्याला दाखवले.

“मांजर असेल,” नवरा म्हणाला.

“दोन पायांवर उभं राहणारं?”

“मग तुझी डॉक्टरीणच असेल. पेशंट मिळत नसतील.” तो स्वतःच्याच विनोदावर हसला. ती हसली नाही.

संध्याकाळी टिचकीची वेणी घालताना तिने आवाज शक्य तितका साधा ठेवला. “टिचके, दुपारी तू झोपतेस ना, तेव्हा खिडकीशी कोणी येतं का गं?”

“येतं.”

कंगवा जागच्या जागी थांबला. “मग तू काय करतेस?”

“डोळे मिटून घेते. घट्ट. मग जातं.”

“कोण येतं, बाळा?”

टिचकीने मान वळवून तिच्याकडे बघितलं. आई आपली परीक्षा घेतेय की काय, असं. “तुला माहितीये की,” ती म्हणाली आणि तिने बाहुलीच्या केसांत तोंड खुपसलं.

म्हणजे ओळखीतलं माणूस. तिने एकेक चेहरा मनात उलटापालटा करून बघितला. गॅसचं सिलिंडर आणणारा. न सांगता टपकणारा नवऱ्याचा मित्र. वरच्या मजल्यावरचे घरमालक काका, येता-जाता टिचकीचे गाल ओढून बिस्किटं देणारे. दुसऱ्या दिवशी काका बिस्किटाचा पुडा घेऊन दारात आले, तर तिने दाराची साखळीसुद्धा काढली नाही. “झोपलीये ती,” तिने फटीतूनच सांगितलं. आत टिचकी मोठ्याने गाणं म्हणत होती. काका पुडा घेऊन तसेच जिना चढून गेले.

तो सगळा आठवडा मागचं दार बंद राहिलं. फाटकाला कुलूप लागलं. तिने बागेत पाऊलही टाकलं नाही, टिचकी झोपली की ती पुढच्या दाराकडे तोंड करून, हातात फोन धरून बसायची. झाडांनी माना टाकल्या. टिचकी मात्र त्या दिवसांत अशी गाढ झोपायला लागली की चहाच्या वेळी तिला हलवून उठवावं लागे.

“आता येतं का गं कोणी?”

“नाही,” टिचकी खुशीत म्हणाली. “आता नाही येत.”

कुलपाचा गुण, तिला वाटलं. आणि मग तिच्या लक्षात आलं. म्हणजे खरंच कोणी येत होतं.

पुढच्या वर्गात तिने सगळं सांगून टाकलं. सर हसले नाहीत.

“पोलिसांकडे जायचं तर जरूर जा,” ते म्हणाले. “त्याआधी एक कर. वाट संपते तिथे जाऊन उभी राहा आणि काय दिसतं ते बघ. माणूस एखाद्या जागी का थांबतो, ते त्याच जागेवरून कळतं.”

दुसऱ्या दिवशी दुपारी तिने टिचकीला झोपवलं. खोलीचं दार करकरतं, पोर जागी होते, म्हणून ते नेहमीसारखं हलकेच लोटून घेतलं. मग मागच्या दाराची कडी काढली. बाहेर कोणी नव्हतं. फाटकाचं कुलूप तसंच होतं. कोमेजलेली झाडं बघून सवयीने तिने नळ सोडला, पाईप उचलला आणि भिंतीच्या कडेकडेने पाणी घालत निघाली. खिडकीशी आल्यावर थांबली. आता ते खळगे शोधायचे म्हणून तिने खाली बघितलं.

खळगे दिसेनात. तिचे पाय त्यांच्यात होते. उजव्यात उजवा, डाव्यात डावा, आणि सगळा भार डाव्यावर.

पाईपमधलं पाणी एकाच कुंडीत पडत राहिलं, कुंडी भरून वाहायला लागली. तिने हळूहळू मान वर केली. दोन पडद्यांमध्ये बोटभर फट होती. तिथून बाकी खोली दिसत नव्हती, फक्त उशी दिसत होती.

टिचकी जागी होती. बाहुलीच्या कानात काहीतरी सांगत होती आणि खुदुखुदु हसत होती. मग तिची नजर फटीकडे गेली. हसू थांबलं. बाहुली पांघरुणाखाली गेली. आणि टिचकीने डोळे मिटून घेतले, घट्ट.