काचेला वीज धरत नाही

सटवा तांब्याभर पाणी प्याला, नि रिकामा तांब्या हातातच फिरवत राहिला.

ओट्यापुढं छबू नि तुळजा खांद्याला खांदा लावून उभ्या होत्या. दिंद्रुडची ही दोन घरं एका भिंतीची. छबूचा हरिबा नि तुळजाचा सुग्रीव मिळूनच मुंबईला गेले आणि इंग्रजाच्या लढाऊ जहाजावर लागले. जहाजाच्या पोटात डायनामो म्हणून वीज करणारं यंत्र असतं, त्या खोलीत दोघांची जोडी. "मोगलाईतले गडी, बंब तरी पाहिलाय का कधी," असं तिथं पहिल्यांदा हसले म्हणे. मग हसायचे थांबले.

सटवा शिरूरचा, त्याच जहाजावर कोळसा ओढणारा. विजेच्या खोलीत आम्हाला पाऊल टाकू देत नाहीत, हे त्यानं आल्या आल्याच सांगून टाकलं होतं. जणू पुढच्या बोलण्याचा दोष आधीच झटकत होता.

शेवटी त्यानं सांगितलं. त्या खोलीपाशी जाळ उठला. दोघांतला एक गेला. दुसरा मुंबईच्या दवाखान्यात आहे, तोंडाडोळ्यांना पट्ट्या, वाचा बसलेली. पण डॉक्टर म्हणतो, जगेल, हळूहळू बोलेलही.

कोण गेला, हे दोघींपैकी एकीनंही विचारलं नाही. छबूच्या कडेवरल्या बाळानं तिच्या गळ्यातली पोत मुठीत धरली होती, ती सोडवावी एवढंही तिला सुचेना. देवा, माझा नको, असं तिच्या मनात आलं. माझा नको म्हणजे मग कोणाचा, हेही त्याच दमात आलं, आणि तिनं तुळजाकडं बघायचं टाळलं.

सटवानं उपरण्याची गाठ सोडली. आत चांदीचं कडं होतं. पांढरं लख्ख, एका अंगाला चेपलेलं. सुग्रीवला बैलानं शिंग मारलं तेव्हाचा तो चेप साऱ्या गावाला ठाऊक होता.

"गेलेल्याच्या अंगावर हे घावलं, वहिनी," तो तुळजाला म्हणाला. "तोंडावरनं तर कायबी वळखू येत नव्हतं."

तुळजा होती तिथंच खाली बसली. रडली नाही. कडं तेवढं उचलून पदराच्या टोकानं पुसत राहिली.

माझा वाचला, असं छबूच्या मनात आलं, नि त्याचीच तिला लाज वाटली.

बाळ भुकेनं कळवळलं तशी ती घरात आली, दाराआड बसून त्याला पाजायला लागली. भिंतीपलीकडं तुळजाच्या सासूनं, चंद्रभागाबाईनं, हंबरडा फोडला होता. इकडं बाळ चुटूचुटू पीत होतं. त्याच्या टाळूवर हात फिरवताना छबूला दिवाळीचा हरिबा आठवला. रजेवर आला होता, बाळाला छातीवर पालथं घेऊन निजायचा.

तुमच्या त्या खोलीत असतं तरी काय, असं तिनं विचारलं होतं. त्यानं सांगितलं, एकानं आत जायचं, एकानं दाराशी राहायचं. आज ह्याची पाळी, उद्या त्याची. आत जाणाऱ्यानं अंगावरलं लोखंड, चांदी, करदोड्यापासून सगळं उतरवून जोडीदाराच्या हवाली करायचं. धातूला वीज धरते, नि धरली की सोडत नाही.

"मंग मला न्हाई यायचं तिथं," छबू म्हणाली होती. "मी बांगड्या उतरवायची न्हाई."

"कावून उतरवतीस? काचेला वीज धरत न्हाई, येडे." त्यानं तिच्या हिरव्या बांगड्या बोटानं किणकिणवल्या होत्या. "ह्यांला काय होत न्हाई."

इतकं जपून वागणारा माणूस, म्हणून वाचला, असं तिला वाटलं. सुग्रीव आधीपासूनच धांदरट. घाईत कडं उतरवायचं विसरला असेल, त्याच कड्यानं घात केला असेल. बिचारी तुळजा. तिच्या पोरांना आपल्यातली अर्धी भाकर द्यायची, छबूनं मनाशी ठरवलं. हरिबाही नाही म्हणायचा नाही. तो घरी आला की पट्ट्या आपल्या हातानं बदलायच्या. डोळे नाही आले तरी चालेल. बाळ त्याला हातानं कळेल.

पदर सारखा करून, बाळाला घेऊन ती परत शेजारी गेली.

अंगणात आळीतल्या विधवा बायका जमल्या होत्या. बांगड्या फोडायला तुळजाचा हात पाट्यावर टेकवलेला होता. बाजूला वरवंटा होता. छबू तिच्याजवळ बसायला गेली, तर चंद्रभागाबाईनं हातानंच अडवलं.

"तू सवाष्ण हायेस, पोरी. तुझा आला की मग ये. आता इथं थांबू नगंस."

तुळजानं मान वर केली. "जा गं छबू," ती म्हणाली. "तुझं तरी नीट राहू दे."

छबू वळली. सटवा चौकटीशी अंग चोरून उभा होता. चंद्रभागाबाईनं वरवंट्याला हात घातला, नि हात घातल्यावर तिला धीर होईना. तिनं सटवाला भलतंच काही विचारलं. जळल्या मनगटातून कडं ओढून काढलं का रे, माझ्या लेकराची कातडी आली का त्याच्यासंगं?

"न्हाई हो मावशी," सटवा तिला समजावत म्हणाला. "तेवढं तरी मनाला लावून घेऊ नगा. मनगटात नव्हतंच ते. डगल्याच्या खिशात होतं. म्हणून तर काळं पडलं न्हाई."

छबूचा पाय उंबऱ्यावरच राहिला. उतरवून जोडीदाराच्या हवाली करायचं, हरिबा म्हणाला होता.

मागं चंद्रभागाबाईनं डोळे मिटून वरवंटा उचलला.

"थांबा," छबू म्हणाली.

ती मागं फिरली, बायकांना सारत आत आली. बाळाच्या मुठीतून पोत सोडवून घेतली, बाळाला तुळजाच्या मांडीवर ठेवलं. मग तुळजाचा हात अलगद उचलून बाजूला केला, नि पाट्यावर आपला ठेवला.