तरंगती नळी

नेव्हिल बॅलरॅटमधल्या आपल्या गॅरेजात बिअर बनवायचा. पिंपातली नळी थेट तळातून ओढायची, त्यामुळे पहिले ग्लास गढूळ यायचे. ते मान म्हणून मित्रांना मिळत. "नेव्ह, डबक्यातून भरलीस की काय लेका!" म्हणत ते एकेका ग्लासावरच उठून जात. मग उरलेली नितळ बिअर आठवडाभर नेव्हिल एकटाच पीत बसे.

शेवटी टोमण्यांना वैतागून त्यानं वरवरची नितळ बिअर ओढणारी, जाळीची तरंगती नळी बसवली. त्या शनिवारी मित्र जागचे हलेचनात. सगळे गेल्यावर दमलेल्या नेव्हिलनं स्वतःचा ग्लास भरला, तर निव्वळ गाळ.

"कचऱ्याच्या डब्यात काय उचकतोयस रे?" बायको मॉरीननं विचारलं.



"जुनी नळी."